चाकं रंगवताय? आधी नट कुठे बसतो ते बघा

पोळ्याला बैलांची शिंगं रंगवून झाली की दसऱ्याच्या आत गाडीची चाकं रंगवायची, हा आपल्याकडच्या ट्रकवाल्यांचा शिरस्ता. पांढरकवड्याहून वणीचा कोळसा, गावचा कापूस किंवा नागपूर-हैदराबादचा माल वाहणारे दरवर्षी या दिवसांत तेच प्रश्न घेऊन येतात. रिमला लाल पट्टा मारला तर चलन होतं का? ब्रेक ड्रमचा रंग महिन्याभरात का उडतो? पिकअपच्या ब्रेकचं कॅलिपर लाल केलं तर चालेल का? आणि गेल्या वर्षी रंगवल्यापासून मागचे नट सारखे ढिले का होतात? चारही प्रश्नांची उत्तरं इथे आहेत. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

रंग कुठे लागता कामा नये

मागच्या धुरीवर जोड टायर असतात. ड्रमच्या तोंडावर आतली रिम टेकते, तिच्यावर बाहेरची रिम टेकते आणि वरून नट आवळले जातात. म्हणजे एका नटाच्या दाबाखाली पाच पृष्ठभाग येतात: ड्रमचं तोंड, आतल्या रिमच्या दोन बाजू आणि बाहेरच्या रिमच्या दोन बाजू. प्रत्येकावर दोन हात रंग मारला, तर थर साधारण डोक्याच्या एका केसाएवढा जाड होतो. पाच पृष्ठभागांचे पाच केस.

हे थोडं वाटेल, पण व्हील बोल्टचं काम कसं चालतं ते लक्षात घ्या. नट आवळताना बोल्ट मिलिमीटरच्या अगदी छोट्या अंशाने ताणला जातो आणि त्या ताणावरच चाक धरलेलं असतं. गाडी भरून निघाली, ड्रम तापला, की मधला रंग मऊ होऊन चेपतो. रंग चेपला तेवढा बोल्टचा ताण गेला. नट फिरलेला नसतो, पण त्याची पकड सुटलेली असते. पुढे रिम बोल्टवर हलायला लागते, भोकं अंडाकृती होतात आणि बोल्ट एकामागून एक तुटतात.

हे मी स्वतः भोगलं आहे. माझ्या दहा-चाकीच्या रिमा मी हौसेने पांढऱ्या करून घेतल्या आणि रंगाऱ्याला सांगितलं, काहीच उघडं ठेवू नको, सगळं झाकून टाक. चौथ्या खेपेला करंजीजवळ चहाला थांबलो तेव्हा क्लीनर मागच्या डाव्या चाकापाशी उकिडवा बसला होता. तीन नटांखालून पांढऱ्या रंगावर तपकिरी ओघळ आले होते, काजळ ओघळावं तसे. नटाभोवती रंगाची किनार दाबून बाहेर आली होती, नखाने टोकरली तर रबरासारखी निघत होती. क्लीनर म्हणाला, "भाऊ, नट तर टाईटच केलते, पण रंगच दबला ना खालचा." पाना लावला तर तीनही नट हाताच्या जोरावर फिरले.

म्हणून रंगाऱ्याकडे गाडी लावण्याआधी या जागा कोऱ्या ठेवायला सांगा, आणि काम झाल्यावर स्वतः बोट फिरवून तपासा:

- ड्रमच्या किंवा हबच्या ज्या तोंडावर रिम टेकते ती सपाट जागा
- रिमच्या मधल्या भागाच्या दोन्ही बाजू, जिथे दुसरी रिम किंवा हब टेकतो
- नट बसतो ती जागा, शंकूसारखी असो की सपाट
- बोल्टचे आटे आणि नटाच्या आतले आटे
- लॉक-रिंगची रिम असेल तर रिंग बसते ती खाच

कंपनीतून आलेल्या रिमवर या जागी रंग असतो, मग आमचा का नको, असं काही जण विचारतात. तो कारखान्यातला भट्टीत भाजलेला, पातळ आणि मोजून दिलेला थर असतो. त्यावर ब्रशने चढवलेलं इनॅमल म्हणजे वेगळी गोष्ट. रिम काढलीच असेल तर या जागा तारेच्या ब्रशने घासून धातूपर्यंत स्वच्छ करा. गंज राहिला तरी तोच दोष येतो, कारण गंजही चेपतो.

चाक बोलेल असा रंग निवडा

रंग कोणता घ्यावा हे तुमच्या आवडीवर. पण माझं मत स्पष्ट आहे: मधला भाग फिकट ठेवा. पांढरा, सिल्वर, फिकट राखाडी किंवा पिवळा. लाल, निळा, काळा हे बाहेरच्या कडेच्या पट्ट्याला आणि हबच्या टोपीला शोभतात. फिकट रंगावर तीन गोष्टी लांबून दिसतात:

- नटाखालून आलेला गंजाचा ओघळ, म्हणजे नट ढिला.
- हबमधून पसरलेला तेलाचा किंवा ग्रीसचा काळा फवारा, म्हणजे सील गेलं. तेच तेल पुढे लायनरवर जातं आणि त्या चाकाचा ब्रेक लागेनासा होतो.
- रिमच्या हवेच्या भोकांपासून किंवा नटाच्या भोकांपासून निघालेली केसासारखी तपकिरी रेघ, म्हणजे रिमला तडा.

माझी गाडी करंजीला वाचली ती रिम पांढरी होती म्हणूनच. मरून रंगावर ते ओघळ क्लीनरला दिसले नसते.

याच कारणासाठी रिमवर पुट्टी, म्हणजे रंगारी जिला लांबी म्हणतात ती, कधीही भरू देऊ नका. बॉडीचा पोचा लांबीने भरणं वेगळं. रिमवर पोचा किंवा चीर दिसली तर ती रिम बदलायची असते. चीर भरून वर चकचकीत रंग मारलेली रिम जुन्या बाजारात विकायला येते, तेव्हा घेताना डोळे उघडे ठेवा.

ब्रेकचं काय?

मोठ्या ट्रकला बहुधा सगळ्या चाकांना ड्रम ब्रेकच असतात. ड्रमचा बाहेरचा भाग रंगवायला हरकत नाही. पण साधं इनॅमल साधारण शंभर-सव्वाशे अंशांपुढे पिवळं पडून पापुद्र्यांनी सुटतं, आणि भरलेल्या गाडीचा ड्रम सारख्या ब्रेकिंगने दोनशे अंशांच्या वर सहज जातो. महिन्याभरात रंग उडण्याचं कारण एवढंच. दुकानात हीटप्रूफ सिल्वर मागा आणि डब्यावर किती अंशांपर्यंत चालतो ते वाचून घ्या. 200, 400 आणि 600 अंशांचे वेगवेगळे प्रकार मिळतात. ड्रमला 400 चा घेतलात तर निर्धास्त राहाल. हा रंग पातळ द्यायचा असतो, खाली लांबी किंवा साधा प्रायमर चालत नाही. तो पक्का होतो उष्णतेने, म्हणून पहिल्या दिवशी गाडी रिकामी किंवा कमी भाराने चालवा.

ड्रमच्या रंगाचा एक उपयोग फारसा कुणी सांगत नाही. सगळ्या ड्रमांना एकाच दिवशी एकच रंग दिलेला असेल आणि पुढे एकाच ड्रमचा रंग जळून काळा-निळा पडला, तर त्या चाकाचा ब्रेक सुटत नाही, लायनर घासत राहतंय. स्लॅक ॲडजस्टर किंवा ब्रेक चेंबर तपासून घ्या. उलट एकाच ड्रमचा रंग नव्यासारखा राहिला आणि बाकीचे उतरले, तर तो ब्रेक काम करत नाही असं समजा.

ब्रेकच्या या भागांना मात्र ब्रश लावू देऊ नका:

- ड्रमच्या आतला लायनर घासतो तो भाग. चुकून शिंतोडे गेले तर गाडी हलवण्याआधी पुसून, घासून काढा.
- ब्रेक चेंबरची श्वासाची बारीक भोकं आणि मागची टोपी. स्प्रिंग असलेला चेंबर उघडून रंगवण्याचा विचारही करू नका. आतली स्प्रिंग माणूस मारण्याएवढ्या जोराची असते.
- स्लॅक ॲडजस्टर आणि त्याचं ग्रीस निप्पल.
- रबरी होजपाइप. रंगातल्या थिनरने रबर खराब होतं आणि वर रंग असला की चिरा दिसत नाहीत.
- एबीएसचा सेन्सर, त्याची वायर आणि दातेरी कडं.
- हवेच्या टाकीचा पाणी काढायचा व्हॉल्व्ह.

पिकअपला पुढे डिस्क ब्रेक असतो. त्याचं कॅलिपर लाल किंवा पिवळं करता येतं, फक्त रंग उष्णतेला टिकणारा कॅलिपरचाच घ्या. डिस्क, पॅड, पिस्टनचं रबर, सरकणाऱ्या पिना आणि हवा काढायचं निप्पल नीट झाकून घ्या. पिना रंगाने अडकल्या तर कॅलिपर एका बाजूलाच दाबतं आणि गाडी ब्रेक मारताना ओढते.

काम कसं करून घ्याल

*दिवस आणि जागा.* उन्हाळ्यात आपल्याकडे दुपारी लोखंडाला हात लावता येत नाही. अशा तापल्या रिमवर मारलेला रंग वरून लगेच सुकतो, आतून ओला राहतो, मग फोड येतात. सकाळी दहाच्या आत किंवा उन्हं उतरल्यावर काम करा. दसऱ्यानंतर दुसरी अडचण सुरू होते ती कापसाची. जिनिंगच्या आवारात किंवा कापसाच्या गाड्या उभ्या असतात तिथे गन मारू नका. सरकीची लव ओल्या रंगावर बसते आणि चाकाला कायमची लव फुटल्यासारखं दिसतं. त्याहून मोठी गोष्ट, थिनरची वाफ आणि कापूस एकत्र आले की एक विडी पुरते. कापूस भरलेल्या गाडीवर रंगकाम करू देऊ नका, मग रंगारी कितीही ओळखीचा असो.

*धुणं.* काळ्या मातीचा थर रिमच्या आतल्या बाजूला दगडासारखा बसतो. आधी भिजवा, लाकडी पट्टीने काढा, मग साबणाच्या पाण्याने धुवा आणि डिझेल-ग्रीसचे डाग थिनरच्या कापडाने पुसा. ब्रेकची धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं आणि ते फुफ्फुसात गेलं की निघत नाही. ओल्या फडक्याने पुसून घ्या.

*जुना रंग काढणं.* टायर चढवलेला असताना रिमवर ब्लो-लॅम्प किंवा गॅस वेल्डिंग अजिबात नको. हवा कमी केली तरी नको. आतलं रबर तापून वायू तयार होतो आणि टायर बॉम्बसारखा फुटतो. पंक्चर-वेल्डिंगच्या दुकानांत अशी माणसं गेलेली आहेत. तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, फार तर रंग काढायचं रसायन वापरा, आणि उष्णतेनेच काढायचा असेल तर आधी टायर पूर्ण उतरवा.

*जॅक.* गाडी सपाट आणि कडक जमिनीवर घ्या, दुसऱ्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवू नका, खाली घोडी द्या. गाडी रिकामी असली तरी.

*रंग.* उघड्या लोखंडावर आधी रेड ऑक्साइड किंवा झिंकचा प्रायमर, तो सुकल्यावर पातळ दोन हात. एकच जाड हात मारू नका. कडेचा लाल पट्टा सरळ हवा असेल तर जुनी युक्ती आहे: चाक उचलून एकाने हाताने हळू फिरवायचं आणि दुसऱ्याने ब्रश एका जागी स्थिर धरायचा. इंजिन चालू करून चाक फिरवू नका.

*झाकणं.* व्हॉल्व्हला, ग्रीस निप्पलला आणि रिमवर ठोकलेल्या साईजच्या आकड्यांना थोडं ग्रीस लावा किंवा चिकटपट्टी मारा. साईजचे आकडे रंगाखाली गेले तर पुढे रिम बदलताना पंचाईत होते.

*गन मारणारा.* दोन डब्यांचा पीयू रंग, म्हणजे ज्यात हार्डनर मिसळतात तो, चमकतो आणि टिकतो, पण त्याचा फवारा श्वासात गेला तर दमा जडू शकतो. रुमाल बांधून तो थांबत नाही. रंगाऱ्याकडे गाळणीचा मास्क नसेल तर ब्रशने साधं इनॅमल मारून घ्या. हे मी त्याच्या पोरांसाठी सांगतोय.

टायर काळा कुळकुळीत दिसावा म्हणून जळकं ऑइल किंवा डिझेल चोळायची पद्धत आहे, ती सोडा. रबर सुजतं, मऊ पडतं, चिरा लवकर येतात. काळ्या वेण्या, घुंगरू, कवड्या हबपासून आणि होजपाइपपासून हातभर लांब बांधा. चाकाजवळ लोंबणारी वेणी एबीएसच्या वायरला गुंडाळली की ती तुटेपर्यंत कळत नाही.

कायदा काय म्हणतो

आरसीवर गाडीच्या रंगाचा रकाना असतो, तो बॉडीचा. रिमचा, हबचा किंवा ड्रमचा रंग तिथे लिहिलेला नसतो. त्यामुळे रिमला पट्टा मारायला आरटीओची परवानगी लागत नाही. केबिनचा किंवा बॉडीचा मुख्य रंग बदलायचा असेल तर मात्र यवतमाळच्या परिवहन कार्यालयाकडून आरसीत नोंद करून घ्या, आणि गाडीवर कर्ज असेल तर आधी फायनान्सवाल्याची लेखी संमती घ्या.

नक्की काय चालत नाही, ते बघा:

- ऑलिव्ह ग्रीन. केंद्रीय मोटार वाहन नियम 121 प्रमाणे हा रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना आहे. हौसेनेही नको.
- रिफ्लेक्टर आणि चमकती पट्टी झाकणं. पुढे पांढरी, बाजूंना पिवळी, मागे लाल, हा क्रम ठरलेला आहे. चाक रंगवताना बाजूच्या पिवळ्या पट्टीवर शिंतोडे उडतात, रंगारी ते पुसत नाही. रात्रीच्या हायवेवर तीच पट्टी तुमची गाडी दाखवते.
- चाकाला रंगीत एलईडी. हा रंग नव्हे, जादा दिवा झाला.
- बाहेर आलेले भाल्यासारखे नट-कव्हर, मोठ्या मापाच्या रिमा, टायर. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 खाली निर्मात्याने ठरवलेल्या तपशिलात बदल करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितलं आहे. कलम 182अ(4) खाली मालकाला प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.
- मागे हॉर्न वाजवण्याची विनंती. चाकांसोबत मागचा फळाही नव्याने लिहून घेणारे बरेच आहेत. 'हॉर्न ओके प्लीज' लिहायला महाराष्ट्रात 2015 पासून बंदी आहे.

पिंपळखुटीजवळ किंवा पुढे तेलंगणात कुणी रिमच्या रंगावरून अडवलं, तर आवाज चढवू नका. कोणत्या कलमाखाली हरकत आहे ते चलनावर लिहून मागा. तो तुमचा हक्क आहे. कागद डिजिलॉकर किंवा एमपरिवहनवर दाखवले तरी ग्राह्य असतात. चलन चुकीचं वाटलं तर चाकांचे आणि आरसीचे फोटो त्याच वेळी काढून ठेवा, ई-चलनाच्या यंत्रणेत तक्रार नोंदवा, आणि तिथे समाधान झालं नाही तर न्यायालयात आपलं म्हणणं मांडा. रंग दिलेल्या दिवशीचे फोटो मोबाईलमध्ये असले तर फार उपयोग होतो.

फिटनेसच्या वेळी रंगाचे गुण मिळत नाहीत. आठ वर्षांपर्यंतच्या गाडीची तपासणी दोन वर्षांनी, त्यापुढे दरवर्षी होते. तिथे ब्रेक किती धरतो, नट पूर्ण आहेत का, रिमला तडा आहे का, हे बघतात. तपासणीच्या आदल्या दिवशी घाईने चाकं रंगवण्यापेक्षा ते पैसे लायनरला घाला.

रंगाऱ्याशी बोलणी

तोंडी व्यवहार करू नका. साध्या कागदावर लिहून घ्या: कोणत्या कंपनीचा कोणता रंग, किती हात, चाक काढून की लावलेलं असताना, काय कोरं ठेवायचं, किती दिवसांत. पावती मागा. काम वाईट झालं आणि तुम्ही स्वतःची एकच गाडी पोटासाठी चालवत असाल, तर तुम्ही ग्राहक आहात. आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते, मग यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगात. मुदत दोन वर्षांची आहे, आणि सेवेपोटी दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. पावती नसेल तर मात्र हे सगळं अवघड होऊन बसतं.

चाक परत चढवताना

इनॅमल हाताला चार तासांत सुकतं, आतून सुकायला रात्र लागते. म्हणून चाक दुसऱ्या दिवशी चढवा. आटे स्वच्छ पुसा. नट समोरासमोर, तिरक्या क्रमाने दोन-तीन फेऱ्यांत आवळा आणि शेवटचा जोर गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या आकड्याप्रमाणे टॉर्क पान्याने द्या. पान्याला पाइप घालून त्यावर उभं राहिलात की बोल्ट जास्त ताणला जातो, आणि जास्त ताणलेला बोल्टही तुटतोच.

मग गाडी घेऊन निघा आणि 50 ते 100 किलोमीटरच्या आत थांबून सगळे नट पुन्हा तपासा. नागपूरकडे निघालात तर वडकी ओलांडल्यावर, हैदराबादकडे निघालात तर आदिलाबाद ओलांडल्यावर. हा थांबा चुकवू नका. नट पुन्हा आवळून झाले की पिवळ्या इनॅमलची छोटी डबी काढा आणि बारीक ब्रशने प्रत्येक नटावरून खाली रिमवर उतरणारी एक सरळ रेघ ओढा. दुसऱ्या दिवशी सकाळी क्लीनरने हातात टॉर्च घेऊन एक फेरी मारली की पुरे. नट फिरला असेल तर रेघ तुटलेली दिसते.